तलावाची पातळी, धानाचं पाणी आणि मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातल्या मामा तलावांवर धानाची शेती उभी आहे आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची हजारो घरंही. शेतकरी, मच्छीमार संस्थांचे सभासद आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसणारी मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गावात भांडण होतं ते "पाणी किती" यावरून, पण खरं नुकसान बहुतेक वेळा पाणी कधी उतरलं आणि किती झपाट्याने उतरलं यावर ठरतं.

1. मामा तलाव म्हणजे काय, आणि त्याची पातळी एवढी खालीवर का होते?

मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणारा जमीनदार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत असे सुमारे सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्यांनी यातले बरेचसे बांधले. नवेगावबांध हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला मोठा तलाव. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले.

या भागात वर्षाला साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे तलाव सप्टेंबरात भरलेला असतो आणि ऑक्टोबरपासून उतरू लागतो. काही पाणी नहरीने शेतात जातं, काही जमिनीत झिरपतं, आणि बरंच नुसतं उडून जातं. मे महिन्याच्या उन्हात रोज साधारण एक सेंटिमीटर पाण्याची वाफ होते. एक हेक्टर पाण्यावर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. म्हणजे वीस हेक्टर पसरलेल्या तलावातून, गेटला कोणी हातही लावला नाही तरी, दिवसाला वीस लाख लिटर पाणी जातं. "रात्री कोणीतरी गेट उघडलं" असा आरोप करण्याआधी हा हिशेब करून पाहा.

2. पाणी एकच, मग शेतकऱ्याचा आणि मच्छीमाराचा फायदा-तोटा वेगळा कसा?

दोघांचं वर्ष वेगळं चालतं. शेतकऱ्याचे पऱ्हे (धानाची रोपं) जूनमध्ये टाकले जातात आणि रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होते. पावसाने दडी मारली तर त्याला तलावाचं पाणी तेव्हाच हवं असतं. पुढची खरी अडचण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. धान पोटरीत असतो, लोंब भरायची असते आणि पाऊस निघून गेलेला असतो. तेव्हाचं एक पाणी पीक वाचवतं. नोव्हेंबरात कापणी झाली की खरिपापुरतं त्याचं तलावाकडचं काम संपलं.

मच्छीमाराचं गणित तिथून पुढे सुरू होतं. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या तलावात ते सहसा आपलं कुळ वाढवत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून जुलै-ऑगस्टमध्ये सोडावी लागते. ऑक्टोबरात तो मासा जेमतेम वीतभर झालेला असतो. त्याला बाजाराचं वजन यायला उन्हाळा उजाडतो, आणि तोवर पाणी टिकलं पाहिजे. शेतकऱ्याला ऑक्टोबरात जे शेवटचं पाणी हवं, तेच मच्छीमाराला मे महिन्यात हवं असतं.

यात तिसरा पक्षही आहे, तो म्हणजे उन्हाळी धान लावणारा. त्याला जानेवारी ते एप्रिल पाणी लागतं. त्याबद्दल प्रश्न 8 पाहा.

शिंगाडा लावणाऱ्यांचं नाव या भांडणात कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. शिंगाड्याची पानं पाण्यावर तरंगतात. पातळी हळूहळू बदलली तर वेल स्वतःला सावरून घेतो. पण चार दिवसांत दोन फूट पाणी ओढलं तर वेल चिखलावर आडवा पडतो आणि फळ भरत नाही.

3. "तलावात 50 टक्के साठा" अशी बातमी येते. म्हणजे निम्मा तलाव भरलेला आहे का?

तसं समजू नका. प्रकल्पांची जी टक्केवारी छापून येते ती सहसा उपयुक्त साठ्याची असते. गेटच्या उंबऱ्याखाली राहणारं पाणी, म्हणजे मृत साठा, त्यात धरलेला नसतो. "शून्य टक्के" लिहिलं असलं तरी तलावात पाणी असू शकतं, आणि मासेही.

दुसरी गफलत खोलीची. आपले तलाव पसरट आहेत. पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला उथळ होत गेलेले. अशा तलावात खोली निम्मी झाली की पाणी निम्म्यावर येत नाही, ते पाव किंवा त्याहूनही कमी उरतं. काठीवर "अजून पाच फूट आहे" असं पाहून शेतकरी निर्धास्त राहतो आणि पुढच्या पाणीपाळीत फसतो. मच्छीमाराला हे अनुभवाने कळतं, कारण पहिल्या दोन फुटांतच वरचं सगळं उथळ अंग, म्हणजे माशांची चरायची जागा, उघडं पडतं.

4. गेटच्या खालचं पाणी शेतीला वाहून येतच नाही. मग ते मोटर लावून उपसलं तर काय बिघडलं?

शेतकऱ्याच्या नजरेने ते वाया जाणारं पाणी आहे. पण मासे उन्हाळा काढतात तो त्याच पाण्यात. तलावातले मोठे मासे आणि मरळ, मागूर, शिंगी यांसारखे गावठी मासे, ज्यांचं बीज कोणी विकत आणत नाही, ते मे महिन्यात त्या डोहातच उरलेले असतात. तो डोह उपसला तर संस्थेचं त्या वर्षीचं उत्पन्न जातंच, शिवाय पुढच्या पावसात तलावात स्वतःहून वाढणारा मासाही उरत नाही. गुरांचं पिण्याचं पाणीही तेच असतं.

माझं मत स्पष्ट आहे: खरिपाचं उभं पीक वाळत असेल तर त्यावर गावाने बसून बोलावं. पण उन्हाळी पिकासाठी मृत साठ्याला मोटर लावू नये. आणि लावायचीच वेळ आली, तर निदान पाच-सहा फूट पाणी राहील अशी एक जागा सोडावी.

5. पाणी आटलं की मासे जाळ्यात जास्त येतात. मग मच्छीमारांची तक्रार कशाला?

काही आठवडे जास्त येतात, हे खरं. पाण्याचा पसारा कमी झाला की मासे एका जागी गोळा होतात आणि कमी मेहनतीत जाळं भरतं. एप्रिल-मे मधली मासेमारी याच तत्त्वावर चालते, आणि पाणी सावकाश उतरत असेल तर मच्छीमाराला ते सोयीचंच असतं. रोज थोडा मासा काढायचा, आठवडी बाजारात भाव पाहून विकायचा.

झपाट्याने उतरलं तर चित्र पालटतं. मासा लहान असतानाच काढावा लागतो. आजूबाजूच्या चार तलावांतही तीच घाई असते, त्यामुळे बाजारात माल येऊन पडतो आणि भाव कोसळतो. बर्फ आणि साठवण गावात नसते. न काढावा तर तो मरतो (प्रश्न 6). संस्थेने मासेमारीसाठी घेतलेल्या तलावाच्या ठेक्याची रक्कम पाणी उतरलं म्हणून आपोआप कमी होत नाही, आणि बोटुकलीचे पैसे तर आधीच दिलेले असतात.

6. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून वळवळत होते, दुपारपर्यंत मेले. कोणी विष टाकलं असेल का?

विष टाकण्याचे प्रकार होतात, पण दरवेळी तसंच असतं असं नाही. आधी तलाव नीट बघा. पाणी गुडघा-मांडीभर उरलंय, रंग गर्द हिरवा झालाय, रोहू-कटला तोंडं वर करून हवा गिळताहेत आणि काठाला बगळे ओळीने उभे राहून त्यांना टिपताहेत, असं असेल तर प्राणवायू कमी पडला आहे. 20 अंश तापमानाला लिटरभर पाण्यात 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना तो 7 वर येतो. त्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयापूर्वीची. ढगाळ हवा दोन-तीन दिवस राहिली की धोका वाढतो. पहिल्या मोठ्या पावसात शिवारातला कुजका पाला आणि शेण तलावात वाहून येतं, तेव्हाही असंच होतं.

ओळखायची एक खूण: मरळ, मागूर, शिंगी हे मासे वरची हवा घेऊ शकतात. रोहू-कटला मेले आणि हे जगले, तर कारण बहुधा प्राणवायूचं. सगळेच मेले, बेडूक आणि खेकडेही मेले, तर शेतातल्या फवारणीचं पाणी किंवा विष यांचा संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी पाण्याचा आणि ताज्या मेलेल्या माशांचा नमुना लगेच ठेवावा आणि मत्स्य विभागाला व पोलिसांना कळवावं. ते मासे खाऊ नयेत, विकूही नयेत.

उपाय म्हणून मोटरने तलावातलंच पाणी उंचावरून तलावात पाडावं, शक्य असेल तर नवं पाणी सोडावं, आणि खाद्य व शेणखत टाकणं बंद करावं. तेवढा वेळ नसेल तर मोठा मासा त्याच पहाटे जिवंत असतानाच काढून घ्यावा.

7. तलाव तुडुंब भरला की सगळ्यांचंच भलं, असं नाही का?

लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचं भलं. तलावाच्या वरच्या अंगाला ज्याची शेती आहे, त्याच्या बांध्या (धानाची शेतं) मात्र बुडतात. आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिलेली कोवळी रोवणी सहसा उठत नाही. म्हणून वरचा शेतकरी सांडवा फोडा म्हणतो आणि खालचा त्यावर वाळूची पोती रचतो. सांडव्याची उंची स्वतःहून वाढवणं धोक्याचं आहे. पाळ त्या पाण्यासाठी बांधलेली नसते, आणि पाळ फुटली तर खालचं गाव आणि शिवार दोन्ही जातं.

मच्छीमाराला भरलेला तलाव हवा असतो, पण वाहून जाणारा नको असतो. नुकती सोडलेली बोटुकली सांडव्यावरून निघून जाते. म्हणून संस्था सांडव्यावर जाळी लावते. त्या जाळीला पालापाचोळा आणि बेशरम या झुडपाच्या फांद्या अडकल्या की पाणी तुंबतं आणि वरच्या शेतकऱ्याचं नुकसान वाढतं. यावर साधी तोड आहे. जाळी जरा मोठ्या घराची लावावी, बोटुकलीही तेवढी मोठी झाल्यावरच सोडावी, आणि जोराच्या पावसात जाळी साफ करायला संस्थेने पाळीपाळीने माणूस ठेवावा.

8. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं की माशांसाठी ठेवायचं? आमच्या गावात दरवर्षी यावरून भांडण होतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उन्हाळी धानाला हंगामभरात एक मीटरहून जास्त उंचीचं पाणी लागतं. त्यातलं बरंचसं ऐन उन्हात, नहरीतून झिरपत-उडत शेतात पोचतं. गावातल्या थोड्या बांध्या भिजतात आणि तलाव मात्र मार्चमध्येच तळ दाखवतो. लहान तलावावर उन्हाळी धान करू नये असं मला वाटतं. हरभरा, लाखोळी, जवस, भाजीपाला यांना फार कमी पाणी पुरतं, आणि लाखोळी तर धानाच्या ओलीवरच निघते.

मोठ्या तलावावर मात्र सरसकट "नाही" म्हणणं शेतकऱ्यावर अन्यायाचं होईल. तिथे दिवाळीच्या सुमारास, मासा आणि धान दोन्ही डोळ्यांसमोर असताना, ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून लिहून काढाव्यात. पहिली, कोणत्या खुणेच्या खाली गेट उघडायचं नाही. ही खूण पाळीच्या दगडी पिचिंगवर ऑईलपेंटने लाल रेघ मारून दाखवावी, म्हणजे वाद आकड्यांवर जात नाही, रेघ सगळ्यांना दिसते. दुसरी, किती एकरांना पाणी द्यायचं. आणि तिसरी, जी बहुतेक गावं विसरतात: पाणी कोणत्या तारखांना सोडायचं. तारखा आधी कळल्या तर संस्था त्याप्रमाणे मासा काढते आणि व्यापाऱ्याशी भावही बोलून ठेवते. तेवढंच पाणी सोडलं तरी दोन आठवड्यांची सूचना मिळाल्याने मच्छीमाराचं नुकसान बरंच आटोक्यात येतं. शेतकऱ्याचं यात काहीच जात नाही.

9. आम्ही हौसेने गळ टाकतो. पातळी बदलली की मासा का लागत नाही?

पाणी चढत असताना मासा नव्याने बुडालेल्या गवतात चरायला काठाशी येतो. नाल्याचं पाणी जिथे तलावात शिरतं, तिथे बसा. पण पाणी गढूळ असेल तर डोळ्याने शिकार करणाऱ्या मरळेची आशा सोडा. गांडुळाच्या वासावर मागूर आणि शिंगी मात्र गढूळ पाण्यातही लागतात. पाणी झपाट्याने उतरू लागलं की मासा काठ सोडून खोलात जातो आणि बरेच दिवस तोंड लावत नाही. पातळी आठवडाभर स्थिर राहिली की परत वनस्पतींच्या कडेला येतो.

उतरत्या तलावात एक धोका आहे. वरून तडे गेलेला, कोरडा दिसणारा गाळ खाली कमरेइतका पातळ असतो. त्यावरून पाण्यापर्यंत चालत जाऊ नका, लहान मुलांना तर जाऊच देऊ नका.

आणि तलाव ठेक्याचा असेल तर संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. तुमच्यासाठी ती रविवारची दुपार असते, त्यांनी त्या माशाचं बीज पैसे मोजून सोडलेलं असतं.

10. पहिल्या पावसात चढणीचे मासे आमच्या बांधीत येतात. ते धरावेत का?

हे मासे अंडी घालायला उथळ, नव्या पाण्याकडे निघालेले असतात. पोटात अंडी असलेली मादी त्या आठवड्यात धरली तर वर्षभराचा गावठी मासा कमी होतो. घरच्या कालवणापुरते दोन-चार धरणं ही जुनी रीत आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही. नाल्याला आडवं जाळं लावून सगळाच मासा अडवणं वेगळं. रोवणीनंतर बांधीत जी पिल्लं दिसतात, त्यांच्यासाठी कीटकनाशक जपून वापरा आणि फवारल्यावर काही दिवस बांधीचं पाणी नाल्यात सोडू नका.

11. तलावाचं खोलीकरण केलं तर दोघांचाही प्रश्न सुटेल ना?

कुठे खणलं यावर ते आहे. गेटच्या उंबऱ्याखाली खणलं तर फक्त मृत साठा वाढतो. माशाला तो डोह मिळतो, शेतकऱ्याला नहरीने एक थेंबही जास्त मिळत नाही. उंबऱ्याच्या वरचा गाळ काढला तर शेतकऱ्याचं पाणी वाढतं. 2017 पासून राबवल्या गेलेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत काढलेला गाळ शेतात टाकता येतो, तो फायदा वेगळा.

पण जेसीबीने अख्खं पोट सपाट खरवडू देऊ नका. वरच्या उथळ अंगातली देशी पाणवनस्पती हीच गावठी माशांची अंडी घालायची जागा आणि पाखरांचं खाद्य. बेशरम मुळासकट काढा, ती जागा रिकामी न ठेवता देशी वनस्पती लावा. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर समाजाच्या बायांनी असं काम केलं आहे, आणि तलावात मासा परत आलेला त्यांनी पाहिला आहे.

12. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेता येतं का?

येतं. यालाच गाळपेर म्हणतात. जमीन सरकारी असेल तर हंगामापुरती परवानगी लागते. त्यावर कायमचा हक्क तयार होत नाही. अडचण अशी की ज्याने तिथे पेरलं, त्याला पुढे तलाव भरलेला नको असतो. तलावाच्या पोटातलं अतिक्रमण इथूनच सुरू होतं, आणि त्याचा फटका खालच्या शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला सारखाच बसतो. निदान या एका बाबतीत दोघांनी एकत्र उभं राहायला हवं.

13. गोसीखुर्द, अप्पर वर्धा यांसारख्या मोठ्या धरणांनाही हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, पण निर्णय गावाच्या हातात नसतो. मोठ्या प्रकल्पात साधारण 15 ऑक्टोबरचा साठा पाहून, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाण्याच्या पाळ्या ठरतात. पश्चिम विदर्भात हे पाणी गहू, हरभरा आणि संत्र्याच्या बागांना जातं. मासेमारीचा विषय त्या बैठकीत क्वचितच निघतो. भोई आणि ढिवर समाजाच्या संस्थांनी बैठकीआधी लेखी निवेदन द्यावं, निदान पाळ्यांच्या तारखा तरी मागून घ्याव्यात.

गोसीखुर्दचं आणखी एक आहे. वैनगंगेचं पाणी अडल्यावर वरच्या अंगाला नदीच्या वाळूतल्या डांगरवाड्या (खरबूज-टरबुजाचे मळे) बुडाल्या. ढिवरांचं उन्हाळ्याचं उत्पन्नच ते. नदीच्या वाहत्या, उथळ पाण्यात चालणारी जाळी आणि डोंगे धरणाच्या खोल पाण्यात उपयोगी पडत नाहीत. खालच्या अंगाला उलट भीती. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर आला. अशा वेळी इशारा मिळताच डोंगा, जाळी आणि मोटर नदीकाठावरून उचलावी. पाणी ओसरायला सुरुवात झाली तरी लगेच उतरू नये, कारण दुसरा विसर्ग मागून येऊ शकतो.

14. पातळी ठरवण्याचा हक्क कोणाचा? तक्रार कुठे करायची?

100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे जलसंपदा किंवा जलसंधारण खात्याकडे असतात. मासेमारीचा ठेका वेगळ्या कार्यालयातून मिळतो. त्यामुळे ठेका देणारा पाण्यावर बोलत नाही आणि पाणी सोडणारा माशांवर. तक्रारअर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी द्यावा आणि एकाची प्रत दुसऱ्याला जोडावी. जिथे 2005 च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था आहे, तिथे पाणीवाटप तिच्याकडे. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायदा 1996 आणि राज्याचे 2014 चे नियम गावतलावाच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला स्थान देतात. वनहक्क कायदा 2006 च्या सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशयातली इतर उत्पादनंही येतात. गावचं निस्तार पत्रक, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक हक्कांची नोंद, तेही काढून पाहा. कोणत्या शेतांना पाण्याचा जुना हक्क होता हे कळायला जुन्या नोंदी कामी येतात.

15. तलाव यंदा पूर्ण आटला. आता पुढच्या वर्षीही मासा होणार नाही का?

होऊ शकतो, आणि कधी कधी आधीपेक्षा चांगला होतो. तळ उन्हात तडकला की गाळातला कुजका भाग मोकळा होतो, पाणवनस्पतींची बेसुमार वाढ थांबते, आणि नवं पाणी आल्यावर माशाचं नैसर्गिक खाद्य भरपूर तयार होतं. बेशरम उपटायला आणि गेटची दुरुस्ती करायलाही हीच वेळ. शेतकऱ्यालाही गाळ मिळतो. नुकसान होतं ते मोठ्या, जुन्या माशांचं आणि गावठी जातींचं. मरळ आणि मागूर ओल्या चिखलात काही काळ तग धरतात, म्हणून तळाशी ओलसर डबकं उरलं असेल तर ते खणू नका आणि त्यात ट्रॅक्टर घालू नका.

बोटुकली सोडायची घाई मात्र करू नका. पहिला पाऊस पडून तळ झाकला म्हणजे पाणी आलं असं होत नाही. तडकलेली जमीन आधी स्वतः पाणी पिते. निदान चार-पाच फूट पाणी जमून आठवडाभर टिकल्यावरच बीज आणावं, आणि गाडी तलावावर संध्याकाळी किंवा पहाटे पोचेल असं बघावं. बीजाच्या पिशव्या न उघडता आधी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्याव्यात.